मुलीला गाडी लागते, गोळीशिवाय काय करता येईल?

मुलगी 8 वर्षांची आहे. वळणाचा रस्ता आला की उलटी ठरलेली. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो 'हलतोय', पुस्तकात खुपसलेले डोळे सांगतात 'स्थिर आहे', आणि या गोंधळातून मळमळ होते, एवढं कळलंय. म्हणून गाडीत वाचन, मोबाईल बंद केलं. लांबवर समोर बघायला लावतो. फरक पडला, पण पुरेसा नाही. (पुढची सीट बरी म्हणतात, पण एअरबॅगमुळे एवढ्या लहान मुलांना तिथे बसवणं धोक्याचं.) डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी दिली की चालते, पण मग दिवसभर पेंगते. आल्याचा कुणाला खरंच गुण आला का? आणि रात्रीच्या प्रवासात, बाहेर काहीच दिसत नसताना, तुम्ही काय करता?