निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या संगणकावर गंमत करायची आहे: कोणती करावी, कोणती टाळावी?

आरेखक_नाशिक यांचा प्रश्न

नमस्कार. मी नाशिकमधील एका स्थापत्य सल्लागार कार्यालयात आरेखनाचे काम करतो. आमच्या विभागात सहा जण आहेत. त्यांतील सर्वांत ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, येत्या ३० एप्रिलला वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होत आहेत. दरवर्षी १ एप्रिलला काका आमच्यापैकी कोणाची ना कोणाची खोडी काढतातच. एके वर्षी त्यांनी माझ्या कीबोर्डवरची ‘एम’ आणि ‘एन’ ही बटणे अलगद काढून एकमेकांच्या जागी बसवली होती. मी टंकताना खाली पाहत नाही, त्यामुळे मला ते तिसऱ्या दिवशी कळले आणि तोवर अख्खा विभाग माझ्याकडे बघून गालात हसत होता. त्यांच्या नोकरीतल्या या शेवटच्या १ एप्रिलला आम्हा पाच जणांना त्याची परतफेड करायची आहे.

मात्र हा प्रश्न विचारण्यामागे दुसरेही एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या एका मुलीच्या माऊसची डावी-उजवी बटणे कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन उलटी करून ठेवली. तिचा तो पहिलाच आठवडा होता. आपल्या हातून यंत्र बिघडले असे समजून ती दीड तास कोणाशीही न बोलता झगडत बसली, आणि शेवटी खरा प्रकार सांगितला तेव्हा सगळे हसले; ती मात्र हसली नाही. हसणाऱ्यांत मीही होतो आणि ते मला अजून लागून राहिले आहे.

काकांना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांच्या संगणकावर चालू कामांचे नकाशे असतात आणि तो संगणक कंपनीच्या मालकीचा आहे. या तिन्ही गोष्टी सांभाळून काय करता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुना_तंत्रज्ञ यांचे उत्तर

गेली बावीस वर्षे मी कार्यालयांतील संगणकांची देखभाल करतो, आणि मस्करीची कुस्करी झाल्यावर बोलावणे मलाच येते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्यासाठी सर्वांत योग्य गंमत म्हणजे डेस्कटॉपचे खोटे चित्र. काका जागेवर नसताना सगळ्या खिडक्या खाली घ्या आणि विंडोजचे बटण दाबून धरून ‘प्रिंट स्क्रीन’ दाबा. स्क्रीनचे छायाचित्र ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरमध्ये आपोआप साठते. तेच चित्र वॉलपेपर म्हणून लावा. मग डेस्कटॉपवरील मोकळ्या जागी उजवी क्लिक करून ‘व्ह्यू’मधील ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ यापुढची खूण काढून टाका, आणि टास्कबार आपोआप लपेल अशी सेटिंग करा. आता समोर दिसणारे सगळे केवळ चित्र आहे. माणूस आयकॉनवर क्लिक करतो, पुन्हा करतो, माऊस झटकतो, पण काहीही उघडत नाही. खरे आयकॉन आणि खऱ्या फाईली मात्र जागच्या जागी शाबूत असतात, आणि तीच खूण पुन्हा केली की सगळे आयकॉन क्षणात परत येतात. मूळ वॉलपेपर कोणते होते ते आधी टिपून ठेवावे. कित्येकांनी तिथे नातवंडांचे छायाचित्र लावलेले असते, आणि ते सापडले नाही तर माणूस खरोखर दुखावतो.

त्याहूनही सोपे म्हणजे माऊसच्या पोटाशी असलेल्या प्रकाशाच्या भोकावर कागदी चिठ्ठीचा लहान तुकडा चिकटवणे. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाची भराभर छायाचित्रे घेऊन, त्यांतील फरकावरून आपण कुठे सरकलो ते ठरवतो. भोक झाकले की त्याला फरक दिसत नाही आणि बाण जागचा हलत नाही. माऊस उलटा केला की चिठ्ठी दिसते, आणि तिच्यावर चार प्रेमाचे शब्द लिहिता येतात. यात संगणकाच्या कोणत्याही सेटिंगला हात लागत नाही, म्हणून मला ही युक्ती विशेष आवडते.

वर्डच्या ‘ऑटोकरेक्ट’मध्ये, म्हणजे चुकीचे शब्द आपोआप बदलणाऱ्या यादीत, एखादा शब्द बदलून ठेवण्याची युक्ती पुष्कळ जण सुचवतील. घरी भावंडांत ती ठीक आहे, कार्यालयात ती करू नये. ती यादी ऑफिसच्या इतर प्रोग्रामांनाही लागू होते, महिनोन्‌महिने तशीच राहते, आणि एखाद्या दिवशी महापालिकेला जाणाऱ्या पत्रात तो भलता शब्द उमटतो. त्या वेळी खोडी काढणाराही ती विसरलेला असतो.

आता रक्तदाबाविषयी. संगणक कोलमडल्याचा खोटा निळा पडदा, ‘हार्ड डिस्क पुसली जात आहे’ असा संदेश, कधीही न संपणारे खोटे अपडेट, हे सगळे प्रकार पूर्णपणे टाळा. निळ्या पडद्याची गंमत नवी नाही. मार्क रुसिनोविच या विंडोज-तज्ज्ञांनी हुबेहूब तसा दिसणारा ‘ब्लूस्क्रीन’ नावाचा स्क्रीनसेव्हर लिहिला होता, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतल्यावर तो खुद्द मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मिळू लागला. कोणतेही बटण दाबले की तो निघून जातो, म्हणजे स्वतः तो निरुपद्रवीच आहे. पण घाबरलेला माणूस कीबोर्डकडे जात नाही. तो यंत्राचे चालू-बंद करायचे बटण पाच सेकंद दाबून धरतो आणि संगणक खरोखर बंद पडतो. ऑटोकॅड या आरेखनाच्या प्रोग्रामची आपोआप साठवण मूळ मांडणीत दर दहा मिनिटांनी होते. शेवटच्या साठवणीनंतर केलेले काम त्या एका दाबण्यात जाते. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत नुकसान खोडीने क्वचितच झाले होते; ते झाले होते खोडीनंतरच्या घाबरगुंडीने. म्हणून काकांची सगळी रेखाचित्रे बंद आहेत ना हे आधी पाहा, आणि गंमत सुरू असताना आपल्यापैकी एकाने खोलीतच थांबा.

हिशेबनीस_पुणे यांचे उत्तर

आरेखकदादा, दिवस कोणता निवडायचा एवढ्यापुरतेच मी लिहिते. आमच्या लेखा विभागात ३१ मार्च आणि १ एप्रिल हे दोन दिवस माणसे मान वर करत नाहीत. वार्षिक हिशेबासाठी बँकांचे ग्राहक व्यवहारसुद्धा १ एप्रिलला बंद असतात. अशा दिवशी कोणाच्या यंत्राला गमतीनेही हात लावू नये. आपल्या कार्यालयात त्या दिवशी एखादी निविदा किंवा नकाशा दाखल करायचा असेल, तर गंमत सरळ आठवडाभर पुढे ढकला. १ एप्रिललाच ती झाली पाहिजे असे काही नाही.

कीबोर्डची भाषा बदलण्याची गंमत मात्र कृपया करू नका. यंत्रावर मराठी कीबोर्डही बसवलेला असेल तर विंडोजच्या बटणासोबत स्पेसबार दाबला की इंग्रजीऐवजी इनस्क्रिप्ट ही मराठी अक्षरांची मांडणी सुरू होते, आणि ‘हॅलो’ची पाच इंग्रजी अक्षरे दाबली की समोर ‘पाततद’ उमटते. पाहणाऱ्याला हसू येते हे खरे. पण पासवर्डच्या चौकटीत अक्षरांऐवजी फक्त टिंबे दिसतात. आमच्याकडे एका सहकाऱ्याने माझ्या यंत्रावर हेच केले आणि मी जेवून आल्यावर तोच पासवर्ड तीन वेळा शांतपणे टंकला. तिन्ही वेळा तो देवनागरीत गेला आणि खाते बंद झाले. तारीख ३१ मार्च होती. खाते पुन्हा सुरू होईपर्यंत संध्याकाळचे सात वाजले, आणि माझ्या वाटची नोंदणी दुसऱ्या मुलीला रात्री थांबून करावी लागली. ज्याने ते केले तो मनाने अतिशय चांगला आहे, त्याने दहा वेळा क्षमा मागितली. तरीही त्या मुलीची शेवटची बस चुकली ती चुकलीच.

मोठमोठ्या कंपन्यांचाही याबाबतीत अंदाज चुकतो. २०१६ च्या १ एप्रिलला गूगलने जीमेलमध्ये पत्र पाठवण्याच्या नेहमीच्या बटणाशेजारी एक गमतीचे बटण ठेवले. ते दाबले की पत्रासोबत एक हलते विनोदी चित्र जाई आणि त्या पत्राला आलेली उत्तरे पाठवणाऱ्याला दिसतच नसत. अनेकांनी कामाची पत्रे चुकून त्या बटणाने पाठवली, आणि गूगलला त्याच दिवशी ते काढून घेऊन क्षमा मागावी लागली.

विधी_आणि_तंत्र यांचे उत्तर

संगणक कंपनीचा आहे हे आपण स्वतःहून लिहिलेत, ते फार बरे केलेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार संगणकाचा मालक किंवा त्याचा ताबा असलेली व्यक्ती यांच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे, त्यातील माहिती बदलणे किंवा अधिकृत व्यक्तीला तो वापरता येऊ न देणे, यासाठी भरपाई द्यावी लागू शकते. हेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मित्राशी केलेल्या अशा गमतीत कपट नसते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण परवानगी ही त्या कायद्यातील कळीची गोष्ट आहे, आणि ती काकांच्या मैत्रीतून मिळत नाही. आपल्या विभागप्रमुखांना आणि संगणक पाहणाऱ्या व्यक्तीला दोन ओळींचा ईमेल पाठवा. बहुतेक ठिकाणी हसत होकार मिळतो.

आणखी एक प्रथा अनेक कार्यालयांत आहे. कोणी स्क्रीन कुलूपबंद न करता उठून गेले की त्याच्या खात्यातून ‘आज सगळ्यांना माझ्याकडून समोसे’ असा ईमेल पाठवायचा. जाताना विंडोज आणि ‘एल’ ही बटणे दाबण्याची सवय लागावी हा तिचा हेतू चांगला आहे, तरीही मी तिच्या विरोधात आहे. दुसऱ्याच्या नावाने लिहिलेला मजकूर, मग तो समोशांचा का असेना, त्याच्या खात्यात त्याचा म्हणून कायम नोंदला जातो.

आणि आपोआप पसरणारे काहीही करू नका. १९८२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातला रिच स्क्रेन्टा हा पंधरा वर्षांचा मुलगा मित्रांच्या फ्लॉपींत खोड्या करून ठेवायचा. मित्रांनी त्याच्या हाती फ्लॉपी देणेच बंद केले, तेव्हा त्याने अ‍ॅपल-२ या संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ हा प्रोग्राम लिहिला. तो स्मृतीत लपून बसे, पुढच्या फ्लॉपीवर स्वतःची नक्कल करी आणि दर पन्नासाव्या वेळी संगणक सुरू केला की एक कविता दाखवी. वैयक्तिक संगणकांवर बाहेर पसरलेल्या अगदी पहिल्या व्हायरसांत त्याची गणना होते, आणि त्याचा उगम मित्रांच्या खोडीत होता. १९८७ च्या डिसेंबरात जर्मनीतील क्लाउस्टाल येथील एका विद्यार्थ्याचा प्रोग्राम ताऱ्यांच्या चिन्हांचे नाताळचे झाड काढून शुभेच्छा देई आणि त्या वापरकर्त्याच्या यादीतील सगळ्यांना स्वतःची प्रत धाडी. त्याने आयबीएमचे अंतर्गत जाळे तुंबवून टाकले. काकांच्या बाबतीत जे काही कराल ते त्यांच्या मेजावरून पुढे सरकता कामा नये.

आरेखक_नाशिक यांचे उत्तर (२ एप्रिल)

सर्वांचे मनापासून आभार. विभागप्रमुखांनी परवानगी दिली आणि काकांच्या चालू नकाशांची प्रत आदल्या संध्याकाळी सर्व्हरवर घेऊन ठेवली. आम्ही डेस्कटॉपचे चित्र आणि माऊसची चिठ्ठी एवढेच केले.

काका चहाहून परतले तेव्हा आम्ही पाचही जण आपापल्या जागी होतो. त्यांनी माऊस सरकवला, थोडे थांबले, मग तो उलटा करून चष्मा कपाळावर सारत चिठ्ठी वाचली. तिच्यावर ‘एम आणि एन यांच्या वतीने सप्रेम नमस्कार’ असे लिहिले होते. ते मोठ्याने हसले आणि चिठ्ठी सोलून कामाला बसले. त्यानंतर आयकॉन उघडेना. दोनदा क्लिक केले, तिसऱ्यांदा केले, आणि मग ते मागे रेलून स्क्रीनकडे नुसते पाहत राहिले. आम्ही उठणार एवढ्यात त्यांनी खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “अरे, माझ्या मनगटावर अकरा वाजून दहा मिनिटं झालीत, मग इथे दहा-बावन्न कसे?”

चित्रातील घड्याळ आम्हा पाच जणांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. पस्तीस वर्षे नकाशातील मिलिमीटर तपासणाऱ्या त्या नजरेला ते मिनिटभरात दिसले. आम्ही आयकॉन परत आणू लागलो तेव्हा त्यांनी थांबवले, ती खूण कुठे करायची हे स्वतः विचारून घेतले आणि स्वतःच्या हाताने केली. दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या त्या मुलीला त्यांनी शेजारी बोलावून दाखवलेही, आणि या वेळी ती सर्वांत आधी हसली.