मदत हवी आहे: परदेशात केलेल्या सत्राचे क्रेडिट इथे कसे धरून घ्यायचे?

नमस्कार. मी वाशीला एका अनुदानित कॉलेजात इतिहास शिकवते. गेली दोन वर्षं आमच्याकडे पूर्व आशिया अभ्यास हा मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय आहे आणि तो आम्ही एकट्याने चालवत नाही. जपानी भाषा ठाण्यातलं एक कॉलेज घेतं, चीन-जपान-कोरियाचा आधुनिक इतिहास माझ्याकडे, आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर पुण्यातले एक सर शनिवारी ऑनलाइन घेतात. म्हणजे तीन कॉलेजं, दोन सार्वजनिक विद्यापीठं, आणि त्यांची मोट बांधायचं काम माझं. इथल्या इथले क्रेडिट (श्रेयांक) अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधून, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या डिजिटल खात्यातून, रडतखडत का होईना, जमा होतात. अडलंय ते परदेशातल्या सत्राचं.

मागच्या वर्षी आमची एक मुलगी जपानला एका सत्रासाठी गेली. ऐरोलीची आहे, वडील टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर. करारामुळे तिकडची फी माफ होती, पण राहण्या-खाण्याचे पैसे वडिलांनी पतपेढीतून काढले. मुलीने जीव तोडून अभ्यास केला. भाषेचे आठ वर्ग, प्रत्येकी १ क्रेडिट, आणि समाज-इतिहासाचे तीन विषय, प्रत्येकी २. असे १४ क्रेडिट घेऊन आली. इथे एका सत्राला २२ लागतात. परीक्षा विभागाने १४ चे १४ धरले आणि ८ बाकी दाखवले. शिवाय ती सप्टेंबरच्या शेवटी गेली, मार्चमध्ये परतली. त्यामुळे नोव्हेंबरची परीक्षा हुकली आणि पुढच्या सत्राचे वर्गही अर्ध्याहून जास्त बुडाले. एक वर्ष गेलं. ती आता मागच्या बॅचबरोबर बसते. समोरच्या बाकावर असते, तक्रार करत नाही, आणि मला फार अपराधी वाटतं. 'जा, बाकीचं मी बघते' असं मीच तिच्या आईला सांगितलं होतं.

यंदा आणखी दोघांना जायचंय. ही मुलं शिळफाट्यावरून रोज येतात-जातात. जपानी तंत्रज्ञानाच्या बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून, हे काम त्यांच्या डोळ्यांसमोर चालू आहे. जपानी येणाऱ्याला दुभाष्याचं, भाषांतराचं काम मिळू शकतं हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यांना पाठवायचं तर या वेळी कागद आधी पक्के हवेत.

मला नेमकं हवंय ते असं. तिकडच्या क्रेडिटचं इथे रूपांतर कोणत्या आधाराने करून घ्यायचं? तिकडचा विषय इथल्या पेपरच्या तोडीचा आहे या समतुल्यतेवर सही कुणाची चालते, कॉलेजची, विद्यापीठाची की दोन्ही विद्यापीठांची? कार्यालयातून माझ्या हातात यूजीसीची २०२२ ची ट्विनिंगची नियमावली देण्यात आली. ती इथे लागू होते का? आणि वेळापत्रकाचं काय करावं? कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

पाणथळ:
मॅडम, मी पुण्यात एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात बरीच वर्षं होतो. आधी आकड्याचं सांगतो. जपानमध्ये १ क्रेडिट म्हणजे ४५ तासांचा अभ्यास, वर्गातला आणि वर्गाबाहेरचा मिळून. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिटला ३० तास. १४ गुणिले ४५ म्हणजे ६३०, भागिले ३०, झाले २१. तुमच्या मुलीला एकच क्रेडिट कमी पडत होतं, आठ नव्हे. भाषेच्या वर्गाला तिकडे बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या ९० मिनिटांना १ च क्रेडिट मिळतं, म्हणून गुणपत्रिकेवर आकडा लहान दिसतो. यूमॅप ही आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यापीठांची १९९१ पासूनची देवाणघेवाणीची व्यवस्था. तिचाही हिशोब विद्यार्थ्याच्या एकूण तासांवरच आहे, १ क्रेडिटला ३८ ते ४८ तास. समतुल्यतेच्या टिपणात हे घाला, मंजुरी देणाऱ्यांना आधार लागतो.

मात्र हे सगळं मुलं निघायच्या आधी व्हायला हवं. तिकडचा विषय, त्याचे तास, त्याबदल्यात इथला कोणता पेपर, किती क्रेडिट, असा तक्ता करा. तो अभ्यास मंडळात ठेवून इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढे विद्या परिषदेकडे पाठवा. जपानी विषय हुबेहूब जुळणार नाहीत. मुख्य विषयाचे पेपर अडून बसतात, म्हणून ते आधीच्या किंवा नंतरच्या सत्रात टाकून घ्या आणि परदेशातलं सत्र मायनर आणि ऐच्छिक विषयांनी भरा. पदवी ज्या विद्यापीठाची, शेवटचा शब्द त्याचा. पुण्याच्या विद्यापीठाची सही यात लागू नये. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात नॅशनल अँड इंटरनॅशनल लिंकेजेससाठी वेगळं मंडळच आहे, त्याच्याकडे एक प्रत द्या. ट्विनिंगची नियमावली मुळात दोन संस्थांच्या जोड-कार्यक्रमासाठी आहे. तरी कुणी ती पुढे केलीच तर सांगा की तिथेसुद्धा परदेशी क्रेडिटला ३० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, आणि सहा सत्रांच्या १३२ पैकी २२ म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा.

कळवा_नाका:
माझी मुलगी कोरियात जाऊन आली. तिकडचं सत्र सप्टेंबरला सुरू होतं आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपतं, म्हणजे आपलं पहिलं सत्र जवळपास तसंच बसतं. एकाच सत्राचा प्रश्न राहतो, दोन अडकत नाहीत. इंग्रजीतून शिकवले जाणारे विषयही बरेच असतात. मुलांचं जपानीवर मन असेल तर अर्थात ही तडजोड आहे.

उंबरठा:
ताई, पैशांचंही आधी बघा. जपान सरकारची जपानी भाषा-संस्कृतीसाठीची मेक्स्ट शिष्यवृत्ती त्या विषयात पदवी करणाऱ्यांसाठी असते, मायनरवाल्यांनी तिच्यावर विसंबू नये. जास्सो या जपानच्या विद्यार्थी सेवा संस्थेची महिना ८०,००० येनची असते. तिच्यासाठी विद्यापीठांमधला करार लागतो आणि ३ पैकी किमान २.३० सरासरी. आपली १० गुणांची श्रेणी त्यांच्या पद्धतीने बदलून त्याचं पत्र परीक्षा विभागाकडून घ्या. ते पत्र मिळायलाच फार वेळ जातो, आत्ताच अर्ज टाका.

धागाकर्ती:
तिघांचेही मनापासून आभार. पाणथळ सर, तुमचं गणित मी त्या मुलीच्या गुणपत्रिकेवर परत करून पाहिलं. २१ च आले. तिच्यासाठी सोमवारी फेरविचाराचा अर्ज देते आहे, बाकी राहिलेल्या एका क्रेडिटसाठी माझ्याकडे छोटा प्रकल्प करायची तिची तयारी आहे. नव्या दोघांपैकी एकाला कोरियाचा पर्याय पटलाय. दुसरीला जपानच हवंय, तर तिचे मुख्य विषयाचे दोन पेपर चौथ्या सत्रात आधीच घेता येतील का हे उद्या प्राचार्यांना विचारते.

विषयवार तक्त्याचा एखादा मंजूर झालेला नमुना कुणाकडे असेल तर नावं झाकून इथे टाकाल का? अभ्यास मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे.