कॉल फसल्यावर हातात काय उरतं? मॅन पेजात आधी काय लिहावं यावर चर्चा

टिळकवाडीकर

सिस्टम कॉल म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे) केलेली मागणी. त्याच्या मॅन पेजात, म्हणजे माहितीच्या पानात, 'एरर्स' खाली एररची नावं असतात आणि प्रत्येकापुढे ओळ-दोन ओळींत कारण. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. कारण मागून सांगा. कॉल फसल्यावर डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर), फाइल, मेमरीतला डेटा कुठल्या अवस्थेत राहिला आणि तोच कॉल पुन्हा करायचा का, हे आधी लिहा.

उदाहरण आपल्याकडचंच घ्या. ऐन हंगामात उसाच्या काट्यावर लिनक्सची पेटी आहे आणि नोंद एनएफएसवरून (नेटवर्कवरची फाइल सिस्टम) ऑफिसच्या सर्व्हरवर जाते. भरल्या ट्रॉलीचं वजन राइटला (लिहिण्याचा कॉल) दिलं, त्याने सगळे बाइट घेतल्याचं सांगितलं, पावती छापली. ते बाइट अजून काट्यावरच्याच मेमरीत असू शकतात. सर्व्हरवरचा कोटा संपला असेल तर ई-डीकोट हा एरर येऊ शकतो तो थेट क्लोजच्या (फाइल बंद करायचा कॉल) वेळी, आणि क्लोजचं उत्तर फारच थोडे लोक तपासतात. शेतकऱ्याच्या हातात पावती, सर्व्हरवर नोंद नाही. 'राइट यशस्वी म्हणजे डेटा डिस्कवर पोचला असं नव्हे' हे वाक्य पानात आहे, पण खाली टिपांमध्ये. ते पान उघडताच दिसायला हवं.

उद्यमबागचा

सहमत नाही. तुम्ही मागताय ते कर्नल देऊ शकत नाही. एक राइट व्हीएफएसमधून (कर्नलमधला सगळ्या फाइल सिस्टमवरचा सामाईक थर) फाइल सिस्टमकडे, तिथून ब्लॉक लेयरकडे, तिथून ड्रायव्हरकडे जातो आणि एरर यातल्या कुठल्याही पायरीवरून वर येतो. फ्यूजवरची (कर्नलबाहेर चालणारी) फाइल सिस्टम तर साधा प्रोग्राम असते, ती स्वतःच्या मनाने एरर देते. पॉझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टमचं मानकसुद्धा यादीबाहेरचे एरर द्यायला मुभा देतं. अशा वेळी 'एररनंतर अवस्था अमुक' असं पानावर छापलं की लोक त्यावर विसंबणार, आणि पुढच्या आवृत्तीत ते बदललं की पान खोटं पडणार. चुकीचं पान कोऱ्या पानापेक्षा घातक असतं. प्रोग्रामरने प्रत्येक एरर म्हणजे काम मोडलं असं धरावं, लॉगमध्ये लिहून थांबावं.

खानापूरकर

'थांबावं' म्हणणं सोपं आहे ओ. ई-इंटर (सिग्नलने कॉल मधेच तोडला, हा एरर) आला की थांबणार का? एसए-रीस्टार्ट (कॉल आपोआप पुन्हा सुरू करायची खूण) न लावलेला एखादा सिग्नल आला की रीड मधेच ई-इंटर देऊन परततो. तिथे पुन्हा कॉल करणं हेच बरोबर. आता हाच नियम क्लोजला लावून बघा.

एका प्रोग्राममध्ये दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे प्रवाह) आहेत. पहिल्याने ७ नंबरचा डिस्क्रिप्टर क्लोज केला, ई-इंटर आला. लिनक्समध्ये तोवर ७ मोकळा झालेला असतो. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) उघडलं, त्याला सगळ्यांत लहान मोकळा नंबर म्हणून ७ मिळाला. पहिल्याने सवयीने पुन्हा क्लोज केलं की दुसऱ्याचं सॉकेट बंद. चूक एकाची आणि बोंब दुसऱ्याच्या लॉगमध्ये. एचपी-यूएक्स या दुसऱ्या युनिक्सवर मात्र डिस्क्रिप्टर उघडाच राहतो, तिथे पुन्हा क्लोज करावंच लागतं. पॉझिक्स २००८ ने हा मुद्दा अनिश्चित सोडला.

कनेक्ट या जोडणी करायच्या कॉलचं तिसरंच. ई-इंटर आला तरी जोडणी मागे चालूच राहते. पोल या कॉलने सॉकेट लिहिण्याजोगं होईपर्यंत थांबायचं आणि मग एसओ-एरर (सॉकेटवर नोंदलेला एरर) वाचायचं.

एकच एरर, तीन कॉल, तीन वेगळी कामं. नुसत्या यादीतून हे कसं कळणार?

निपाणीचा

मी यादीच्या बाजूने. नेमका कोड कळला नाही तर पर्यायी वाटही धरता येत नाही. ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३४ ने थ्रेड सुरू करायला क्लोन३ हा नवा कॉल वापरायला घेतला. कर्नलला तो कॉल माहीत नसेल तर ई-नोसिस (असा कॉलच नाही) येणार आणि आपण जुन्या क्लोनवर जाऊ, असा हिशोब होता. पण जुन्या डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) सेककॉम्प नियमांनी (कॉल गाळणारे नियम) ई-पर्म (परवानगी नाही) दिला. ग्लिबसीला वाटलं, परवानगीच नाही. थ्रेड सुरूच होईनात.

टिळकवाडीकर

निपाणीकर, मान्य, यादी काढून टाका असं मी म्हटलेलंच नाही. उद्यमबागकरांच्या 'पान खोटं पडेल' या मुद्द्याला उत्तर देतो. अवस्था बदलली तर आवृत्तीसकट लिहा. एफसिंक या डेटा डिस्कवर पोचवायच्या कॉलच्या पानावर आहेच की, लिनक्स ४.१३ पासून मागाहून आलेला एरर संबंधित सगळ्या डिस्क्रिप्टरना कळतो. पण नंतर काय? एक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टम एफसिंक फसल्यावर मेमरीतली ती पानं (डेटाचे तुकडे) 'स्वच्छ', म्हणजे डिस्कवर लिहून झालेली, धरतात. दुसऱ्यांदा एफसिंक केलं तर शून्य येतं आणि डेटा डिस्कवर नसतो. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांनाही २०१८ मध्ये यावर झगडावं लागलं. फेब्रुवारी २०१९ च्या अपडेटपासून एफसिंक फसलं की पोस्टग्रेस पॅनिक होतो (तडक बंद पडतो) आणि आपल्या बदलांच्या लॉगमधून पुन्हा उभा राहतो.

उद्यमबागचा

तेच तर म्हणतोय, पोस्टग्रेसने शेवटी थांबायचंच ठरवलं! ज्याला खात्री हवी त्याने एसट्रेसने (प्रोग्रामचे कॉल बघणारं साधन) एफसिंकमध्ये ई-आयओ (डिस्कवर वाचता-लिहिता न येण्याचा एरर) घालून स्वतःचा प्रोग्राम तपासावा. पानावर विसंबू नये.

खानापूरकर

अण्णा, तीच तपासणी फसवते. एसट्रेस एरर घालतो तेव्हा खरा कॉल कर्नलपर्यंत जातच नाही. मेमरीतली पानं 'अस्वच्छ'च राहतात, दुसरं एफसिंक ती खरोखर लिहितं, आणि पुन्हा प्रयत्न करणारा चुकीचा प्रोग्राम पास होतो. क्लोजचंही तसंच, डिस्क्रिप्टर उघडा राहतो.

खरी तपासणी डिव्हाइस मॅपरने (डिस्कचे सेक्टर हवे तिकडे वळवणारी कर्नलची सोय) करा. लूप डिव्हाइसवर (डिस्कसारखी वापरलेली फाइल) लिनिअर (जसंच्या तसं वळवणारं) टेबल, त्यावर एक्सटी४, आणि त्यात आधीच पूर्ण लिहून सिंक केलेली फाइल. फाइलफ्रॅग कमांडने तिचे डिस्कवरचे ब्लॉक बघा. ४०९६ बाइटचा ब्लॉक असेल तर ८ ने गुणून ५१२ बाइटचे सेक्टर काढा. सस्पेंड करून फक्त तेवढ्या सेक्टरांना 'एरर' टार्गेट लावा, जर्नलला (फाइल सिस्टमची बदलांची नोंदवही) हात लावू नका, मग रिझ्यूम. फाइलवर नवा मजकूर लिहा, एफसिंक करा, ई-आयओ येईल. टेबल पूर्ववत करून पुन्हा एफसिंक करा, शून्य येईल. आता वाचलं तर कॅशमधला नवा मजकूर दिसतो. ड्रॉप-कॅशेसमध्ये (कॅश रिकामी करायची कर्नलची फाइल) ३ लिहून पुन्हा वाचा, जुना मजकूर दिसेल.

उद्यमबागचा

बरं, एवढं मानतो. एफसिंक आणि क्लोजच्या पानावर 'पुन्हा करू नका' ही ओळ हवी, आवृत्ती आणि फाइल सिस्टमच्या नावासकट. राइटच्या पानावर प्रत्येक एररमागे अवस्था लिहायला मात्र माझा विरोध कायम आहे.