उत्तर: वाचलेली जागा, ऑफलाइन आणि ‘कऱ्हाड’चा शोध

मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं, पण अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणारं समाजमाध्यम) वाचायच्या या ॲपमध्ये ‘वाचलेली जागा लक्षात ठेवा’ ही सोय आलीय त्यात एवढं काय, असं वर एकाने विचारलंय. आहे की! मॅस्टोडॉनची होम टाइमलाइन काळाच्या क्रमाने येते, अल्गोरिदम वरखाली करत नाही. म्हणून थांबलो तिथून पुढे वाचण्याला अर्थ आहे. सर्व्हरवर मार्करची, म्हणजे कुठवर वाचलं ती खूण जपायची, सोय २०१९ पासून आहे. ॲपने ती वापरली की फोनवर अर्धवट सोडलेलं घरी संगणकावर तिथूनच उघडतं.

सातारा-पुणे एसटीने जाणाऱ्यांना ऑफलाइन साठवण जास्त कामाची. खंबाटकीच्या बोगद्यात रेंज गेली की आधी पान कोरं व्हायचं. फोटो मात्र ‘फक्त वाय-फायवर’ ठेवा, नाहीतर शिरवळ यायच्या आत डेटा खलास.

माझी खरी तक्रार शोधाबद्दल आहे, आणि त्यावर इथं कुणी बोलत नाही. ‘कऱ्हाड’ शोधून बघा. यातला ऱ्ह दोन प्रकारे टंकला जातो: युनिकोडमधलं (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतावलीतलं) स्वतंत्र ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच, ॲपला दोन वेगळे शब्द. त्यामुळे अर्ध्या पोस्ट सापडतच नाहीत, आणि शब्द लपवायचा फिल्टरही तसाच फसतो. जुळवणी करण्याआधी दोन्ही रूपं एक करून घेतली की भागतं, फार मोठं काम नाही.

आणि हो, ॲपच्या सेटिंगमध्ये ओळींतलं अंतर ‘दाट’ ठेवू नका, रफार आणि उकार छाटले जातात.

गिटहबवर (ॲपच्या तक्रारी नोंदवतात त्या साइटवर) शोधाची ही अडचण कुणी नोंदवलीय का? नसेल तर मी टाकतो.