मदत हवी आहे: वस्तीपातळीच्या आकड्यांवर कितपत विसंबावं?

नमस्कार मंडळी,

संख्याशास्त्र किंवा सर्वेक्षणाचं काम केलेल्यांकडून मदत हवी आहे. प्रश्न जरा लांब आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

आमचा छोटा गट एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी काम करतो. माणसं मोजकी, म्हणून ११ वस्त्यांपैकी आधी कुठल्या दोन घ्यायच्या ते ठरवायचं आहे. सरकारी सर्वेक्षणाचे वस्तीवार तक्ते उतरवून मी टक्केवारीनुसार क्रम लावला. एका वस्तीत एकट्या वृद्धांची घरं ३० टक्के, दुसरीत २०. पहिली घेतली, दुसरी मागे ठेवली. बैठकीत सगळ्यांना पटलं.

घरी आल्यावर तक्त्याखालची बारीक टीप वाचली. दोन्हीकडे नमुन्यात आलेली घरं फक्त ४०! म्हणजे एकीकडे १२ घरं, दुसरीकडे ८. साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून घरं निवडल्यासारख्या) नमुन्याचं सूत्र लावलं, तर ९५ टक्के विश्वासपातळीला (म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा खरा आकडा पट्ट्यात यावा अशा हिशोबाने) पहिला आकडा सुमारे १४ टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, दुसरा १२ टक्क्यांनी. दोघांमधल्या फरकाची त्रुटी जवळपास १९. आणि आम्ही १० टक्क्यांच्या फरकावर एक वस्ती मागे ठेवून मोकळे झालो. तेव्हापासून चैन नाही.

वाचल्यावर कळलं की हे दुखणं सगळीकडचं आहे. अमेरिकेतलं 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' एका वर्षाचे नेहमीचे तक्ते ६५,००० किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या भागांसाठीच देतं. त्याहून लहान भागांसाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र करतात. त्रुटी कमी होते खरी, पण मधल्या काळात वस्ती बदलली असेल तर ते त्या सरासरीत दिसत नाही. कॅनडाने २०११ साली जनगणनेची सक्तीची सविस्तर प्रश्नावली काढून ऐच्छिक सर्वेक्षण घेतलं. प्रतिसाद इतका घसरला की हजाराहून जास्त लहान गावांचे आकडे प्रसिद्धच करता आले नाहीत. २०१६ला सक्ती परत आणावी लागली.

दुसरी अडचण गोपनीयतेची. इंग्लंड-वेल्सच्या २००१च्या जनगणनेत लहान भागांच्या तक्त्यांत १ आणि २ हे आकडे मुद्दाम बदलले होते. त्यामुळे एकाच भागाची बेरीज दोन तक्त्यांत वेगळी यायची. हे करायलाच हवं असं मलाही वाटतं. गल्लीत नव्वदीची एकच बाई एकटी राहत असेल, तर ते कुणालाही तक्त्यातून कळू नये.

पण माझ्या तक्त्यात तीन वस्त्यांपुढे आकड्याऐवजी नुसती फुली आहे, आणि एक्सेलने क्रम लावताना त्या तिन्ही तळाशी टाकल्या. कुणी न ठरवताच त्या यादीतून गेल्या. सगळ्यात जास्त तेच लागलंय मनाला. आकडा नाही म्हणजे गरज नाही, असा अर्थ आम्ही नकळत लावला.

आता विचारायचं ते असं. शेजारच्या वस्त्या एकत्र केल्या तर नमुना वाढेल, पण लहान, हलाखीची वस्ती मोठ्या शेजारणीत विरघळून जाईल. हे कितपत चालतं? फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांची १९७९ची पद्धत वाचली. नमुन्यातला डळमळीत आकडा आणि पेन्शनधारकांच्या नोंदींसारख्या पूर्ण माहितीवरून बांधलेला अंदाज, यांचा त्रुटीनुसार मेळ घालतात. नोंदी मिळतील, पण अवघ्या ११ वस्त्यांवर असं प्रतिमान (मॉडेल) उभं करणं बरोबर ठरेल का? की त्यासाठी तक्त्यातल्या आसपासच्या सगळ्या वस्त्या घ्यायच्या आणि वापरायच्या आपल्या ११च?

की सरळ घरोघर जावं? आम्ही सहा जण आहोत. महिनाभरात फार तर तीन वस्त्या होतील. मला वाटतं त्या फुलीवाल्या तीनच घ्याव्यात, कारण बाकीच्यांबद्दल निदान ढोबळ अंदाज तरी आहे. पण गटातल्या दोघांचं म्हणणं, ३० आणि २०वाल्या नीट मोजा, निर्णय तिथेच अडलाय.

पुढची बैठक रविवारी आहे. तुम्ही असतात तर आधी कुठे गेला असतात?