ज्याचं लेबल, त्याची जबाबदारी का नाही?

टाचणी
परवा लेकीला टी-शर्ट घेतला. कॉलरमागे पट्टी, ‘मेड इन बांगलादेश’. राना प्लाझा आठवलं. ढाक्याजवळ सावारमधली आठ मजली इमारत. २३ एप्रिल २०१३ला भेगा दिसल्या, खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या पाच कपडा कारखान्यांतल्या बायाबापड्यांना मात्र दुसऱ्या दिवशी पगार कापायच्या धमक्या देऊन आत घेतलं. सकाळी इमारत कोसळली, १,१३४ जीव गेले. ज्या ब्रँडचं लेबल, तो कायद्याने बांधलेला हवा, असं माझं ठाम मत आहे.

हिशेबनीस
नाही पटत. वरचे मजले बेकायदा चढवले मालकाने, डोळेझाक केली तिथल्या यंत्रणेने. युरोपातला खरेदीदार खांब तपासत बसणार का? सगळं ब्रँडच्या गळ्यात घातलं की गावातला खरा गुन्हेगार निसटतो.

टाचणी
मालकाला सोडा असं मी म्हटलंच नाही. पण कराचीचा अली एंटरप्रायझेस कारखाना बघा. सप्टेंबर २०१२च्या आगीत अडीचशेहून जास्त कामगार गेले. खिडक्यांना गज, दारांना कुलपं. त्याच कारखान्याला जेमतेम काही आठवडे आधी सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिळालं होतं! मुख्य खरेदीदार जर्मन कंपनी किक. वारसांनी डॉर्टमुंडच्या कोर्टात दावा लावला, तो २०१९मध्ये मुदत टळली म्हणून फेटाळला गेला.

सोलापूरकर
प्रमाणपत्राचं मी सांगतो. गणवेशाच्या कारखान्यात अकरा वर्षं ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवर होतो. तपासणीचा निरोप आदल्या दिवशीच यायचा. मागच्या दाराशी रचलेले कापडाचे गठ्ठे रातोरात हलायचे, आग विझवायची नळकांडी पुसूनपासून भिंतीवर चढायची. साहेब गेले की संध्याकाळी गठ्ठे परत दाराशी. दाराची किल्ली सुपरवायझरच्या खिशात, कोणी पीस पळवील म्हणून. आत आम्ही साठ जण, निम्म्या बायका. रोज त्या दाराकडे बघून मशीनवर बसायचो.

हिशेबनीस
हे वाचून वाईट वाटलं, दादा. तरी विचारतो, खर्च वाढला की ऑर्डर दुसऱ्या देशात जाणार. मग ज्या बाईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला, तिचं काय?

टाचणी
ही भीती तेव्हाही घातली होती. राना प्लाझानंतर दोनशेहून अधिक ब्रँडनी कामगार संघटनांशी कायदेशीर बंधनाचा अकॉर्ड करार केला. सोळाशेच्या आसपास कारखाने तपासले, अहवाल जाहीर झाले. दुरुस्तीला नकार दिला तर ऑर्डर बंद. बांगलादेशची कपडानिर्यात त्या वर्षांत वाढतच गेली.

हिशेबनीस
अकॉर्डबद्दल मान्य, मी मागे घेतो. पण हे मोठ्या, नोंदलेल्या कारखान्यांचं. त्यांच्याकडून काम बाहेर जातं, तिथे कोण पोचणार?

सोलापूरकर
तीच गोष्ट आहे. आमचं काज-बटण गल्लीतल्या पत्र्याच्या खोलीत जायचं. एकच दार, वर उघडी वायर, खाली चिंध्यांचा ढीग. तिथे साहेब कधी आलाच नाही, आणि लेबलही तिथे लागत नव्हतं.