धागा: अण्वस्त्रांना वेसण घालण्यात शास्त्रज्ञांचा वाटा किती?

कराडचा_मास्तर
परवा साताऱ्यात एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, बॉम्ब शास्त्रज्ञांनीच केला, आता शांततेचे धडे त्यांनी देऊ नयेत. टाळ्या कडाडल्या. मला नाही पटलं. जाहीरनामे, परिषदा सोडा, त्यांचं खरं काम मोजमापाचं. अमेरिकेत सेंट लुईसला १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. त्यात स्ट्रॉन्शियम-९० हे अणुस्फोटातून निघणारं किरणोत्सारी द्रव्य सापडलं. चाचणीची धूळ गवतावर, गवतातून गाईच्या दुधात, तिथून पोराच्या दातात. आईबाप खवळले. हवेतल्या चाचण्या बंद करणाऱ्या १९६३ च्या करारात त्या संतापाचाही वाटा आहे.

रोखठोक_सांगलीकर
मास्तर, करारानंतर अमेरिका, रशिया, ब्रिटन तिघंही जमिनीखाली घुसले आणि चाचण्या चालूच! जपानला शरणागतीची संधी दिल्याशिवाय बॉम्ब टाकू नका, असा अर्ज बॉम्ब प्रकल्पातल्याच लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञानं जुलै १९४५ मध्ये केला. ७० सह्या. अमेरिकेचा अध्यक्ष ट्रूमनच्या हाती पडायच्या आत हिरोशिमा बेचिराख. वरातीतल्या बँडवाल्याला मुहूर्त कोण विचारतं?

कराडचा_मास्तर
जोसेफ रॉटब्लाट हा शास्त्रज्ञ बॉम्ब प्रकल्पाची वरात सोडून गेलाच की, १९४४ च्या शेवटी, जर्मनीकडं बॉम्ब नाही हे कळल्यावर. आणि जमिनीखालच्या चाचण्या १९६३ च्या करारातून सुटल्या त्या जागेवर जाऊन करायच्या तपासणीच्या वादावरून. अमेरिकेला वर्षाला ७ तपासण्या हव्या होत्या, रशिया ३ वर अडला. आज ती अडचण बरीचशी भूकंपमापकानं सोडवली आहे. भूकंपात खडक भेगेवर घसरतो, म्हणून पहिला धक्का काही भूकंपमापन केंद्रांना ढकलतो, काहींना ओढतो. स्फोट सगळीकडं ढकलतोच. १९६७ चा कोयनेचा हादरा सोसलेल्या आपल्या भागाला हे काय सांगायचं! कराडजवळच्या हजारमाचीची बोअरहोल प्रयोगशाळा त्याच भूकंपांच्या अभ्यासासाठी आहे.

कृष्णाकाठची
मास्तर, एक राहिलं. १९९८ च्या पोखरणमधला हायड्रोजन बॉम्ब नीट फुटला नाही, असं डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचे माजी शास्त्रज्ञ के. संथानम २००९ मध्ये जाहीर बोलले. अणुऊर्जा खात्यानं ते खोडून काढलं. पण संथानमांचं मागणं काय होतं? जमिनीखालच्यासकट सगळ्याच चाचण्या बंद करणाऱ्या सीटीबीटी करारावर सही करू नका! शास्त्रज्ञ म्हणजे निःशस्त्रीकरणवाला, हे कुणी ठरवलं?

कराडचा_मास्तर
मान्य, ताई. पण परदेशी भूकंपतज्ज्ञांनी स्फोटाच्या ताकदीच्या आपल्या सरकारी आकड्यावर त्याआधीच शंका घेतली होती. सरकारचा शब्द असा तपासता येतो, एवढंच माझं म्हणणं.

रोखठोक_सांगलीकर
तपासला. पुढं? उत्तर कोरियाच्या सहाही चाचण्या पकडल्या, थांबवली एक तरी?

कराडचा_मास्तर
१९९८ नंतर आपण एकही केली नाही.

रोखठोक_सांगलीकर
ती सरकारनं स्वतःहून जाहीर केलेली स्थगिती. त्यात भूकंपमापक कुठं आला?